नीमला गाडी अकरा मिनिटे थांबते

हॅलो?… हो, मी श्यामकांतच बोलत आहे. नमस्कार, अरुंधतीताई… नाही, नाही, व्यत्यय कसला? मंडळाच्या चिटणीसबाईंचा दूरध्वनी म्हणजे या घराला भूषण… नाही, चिरंजीव सत्यजित कारखान्यातून यायचा आहे. मी आणि सौभाग्यवती, दोघेच आहोत. ही वाटाणे सोलते आहे.

शनिवारचे व्याख्यान… हो, पूर्ण स्मरण आहे… पत्रक छापून आले? काय छापले आहे?… ‘दक्षिण फ्रान्सची प्राचीन नगरे, एका प्रत्यक्षदर्शीच्या मुखातून’… प्रत्यक्षदर्शी हा शब्द आपण घातलात का?… नाही, शब्द सुंदर आहे. जरा जड आहे, इतकेच.

नीमचा रोमन आखाडा?… अत्यंत भव्य. दोन हजार वर्षांचा. उन्हाने तापलेला तो पाषाण… म्हणजे तापलेला होता, याविषयी शंका नको, बेचाळीस अंश होते… पायऱ्या? असंख्य… अगं, मी बोलतो आहे ना… क्षमा करा, ताई, ही मधेच बोलते. चौतीस रांगा आहेत म्हणते… हो, असतील. तिने मोजल्या आहेत.

छायाचित्रे?… पडद्यावर दाखवायला?… आहेत ना, पुष्कळ आहेत… कशाकशाची म्हणजे… स्थानकातील घड्याळ. फलाटाची पाटी. छत्री घेऊन फलाटावरून निघालेली ही. मग पुन्हा ही, जरा लहान दिसणारी… त्यापुढची नाहीत.

… आहे, आहे, ऐकतो आहे. ताई, मला एक निवेदन करायचे आहे. मी त्या गावांत गेलोच नाही… नाही, फ्रान्सला गेलो. गावांत गेलो नाही.

सांगतो. आव्हिन्यों येथे आमचा मुक्काम होता. रोज सकाळच्या गाडीने एक गाव पाहायचे आणि सायंकाळी परतायचे, असा सत्यजितचा बेत. पहिल्या दिवशी नीमला उतरलो. स्थानकाच्या दाराबाहेर पाऊल टाकले, तो तापल्या तव्यावर उभे केल्यासारखे झाले. मी म्हणालो, तुम्ही सर्व व्हा पुढे, मी सावलीत बसून टिपणे काढतो. गाडी तेथे अकरा मिनिटे थांबून परत फिरते. आत असा गारवा… गेनाऊ, अगदी तेच, आपण म्हणता ती क्लिमाआनलागे, वातानुकूलन. क्षणभर टेकावे म्हणून आत गेलो आणि आव्हिन्योंला पोचलो. मग पुन्हा नीमला आलो… एकूण सहा वेळा. दिवसभराचा पास होता.

आर्लला?… दुसऱ्या दिवशी आर्लला पाच वेळा. तिसऱ्या दिवशी ओरांजच्या वेळी मोजले नाही.

नाही, सत्यजितला कळले नाही. सायंकाळी मी फलाटावर हजर असे. त्याला वाटे, बाबा दुसऱ्या रस्त्याने फिरून आले… हिला मात्र पहिल्याच दिवशी कळले. बाकी सर्व घामाने निथळत होते आणि माझ्या सदऱ्याची इस्त्री जशीच्या तशी होती… तिने गुपित राखले. आता वाटाणे सोलता सोलता हसते आहे.

हो, तेव्हाच सांगायला हवे होते, मान्य. पण त्या दिवशी मंडळाच्या बैठकीत आपण सर्वांसमक्ष म्हणालात, काका, यावर तुम्हीच बोला. ताई, माझे शिक्षण सातवी. कराडला चाळीस वर्षे सायकली दुरुस्त केल्या. वाचनालयातली पुस्तके वाचून असे बोलायला शिकलो. येथे जर्मनीत, आपल्या इंगोलश्टाटच्या मंडळात, जो तो इंजिनियर, नाहीतर डॉक्टरेट. व्याख्यान द्या, असे मला जन्मात कुणी म्हटले नव्हते. तोंडून ‘हो’ निघून गेले… तेव्हा माझे नाव खोडावे. हवे तर मी स्वतः येऊन प्रत्येक पत्रकावर खोडतो.

हॅलो?… आपण हसता आहात का?… हसा, हसा.

काय?… हिने बोलायचे? थांबा, विचारतो. अगं, शनिवारी बोलशील का?… चौतीस रांगांपासून सुरू करीन म्हणते. ताई, ही तर तयारच होती… आणि मी? मी गाडीबद्दल? गाडीत काय घडणार?… तसे घडले. तिसऱ्या दिवशी तपासनीस पास न पाहताच मला सलाम करू लागला. समोर एक बाई बसत. त्यांच्याही घरी फार उकडत असावे, कारण त्याही दिवस गाडीतच काढत. त्यांची भाषा मला येईना, माझी त्यांना येईना. त्यांनी मला खरबुजाची फोड दिली, मी त्यांना चिवडा दिला. दोघे काचेतून सूर्यफुले पाहत असू… हे चालेल? याला व्याख्यान म्हणतात?

एक क्षण, ताई. इकडे वाटाणे सोलणे थांबले आहे… अगं, सत्तर वर्षांच्या होत्या… बरे, ऐंशीच्या… रोज नाही, तीनच दिवस… पण आपली सहलच तीन दिवसांची होती ना.

हॅलो, हो, बोला. सभागृह शाळेचे… तेथे क्लिमाआनलागे?… नाही?… आणि शनिवारी अडतीस अंश…

… नाही, ताई, तसे मनात आणू नका. येईन. या वेळी मी उतरणार.

फक्त छत्री हिची आहे. तीत मला घ्यायचे की त्या खरबूजवाल्या बाईंकडे पाठवायचे, ते शनिवारपर्यंत हीच ठरवील… हो. आता ठेवतो. उरलेले वाटाणे मला सोलायचे आहेत.