मूळ सापडत नाही म्हणे!

...आणि वर तो कॉम्प्युटर म्हणतो काय, तर मूळ सापडत नाही! अहो, त्रेचाळीस गाणी पोटात घेऊन बसलायस, आणि मूळ सापडत नाही?

तुम्हाला सांगतो, दोन हजार चारची गोष्ट. आरोंद्याच्या शाळेतल्या शर्मिलाबाई, विज्ञान शिकवणाऱ्या. त्यांनी गावातल्या हौसाबाईंची फुगडीची गाणी शाळेच्या कॉम्प्युटरात भरली होती. हौसाबाई अठ्ठ्याहत्तरच्या, ही गाणी दुसऱ्या कुणाला येत नाहीत, आणि दुसरी प्रत कुठेही नाही! त्या दिवशी चार वाजता मुंबईहून लोकगीतं जमवणारे दोघे सीडी न्यायला यायचे होते... आणि सीडी काही लिहिली जाईना. मासिकात छापलेलं, लिनक्सचा नवा कर्नेल, म्हणजे यंत्राचा गाभाच हो, तो बांधा, सीडी लिहिली जाईल. बाईंनी सकाळी बांधायला घेतला. तीन तास! जुना गाभा ठेवावा, हे पुस्तकात लिहिलेलं असतं, पण डिस्कवर जागा कुठे होती? पुसला. झालं! चालू केल्यावर काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं... डिस्क जोडता येत नाही, मूळ सापडत नाही! मूळ म्हणजे सगळं साठवलेली ती डिस्कच हो!

हौसाबाई नऊवारी नेसून सकाळपासून हजर. "काय झाला गो?"

"कर्नेल अडलाय, आजी."

"कर्नल? आमच्या मिलिटरीतल्या बाबलीचो साहेब? तो हयसर कित्याक इलो?"

बाईंनी सावंतवाडीला फोन लावला, कॉम्प्युटरच्या दुकानवाल्या विनीतला. त्याचं एकच, "फॉरमॅट मारा मॅडम! दहा मिनिटांत नवाकोरा!" मारा? त्रेचाळीस गाण्यांसकट मारा?

"कोणाक मारता तो?" हौसाबाई उठल्याच. "माझी गाणी खंय गेली ता सांग आधी!"

बाईंनी फोन ठेवला. मूळ सापडत नाही ना? शोधते! इन्स्टॉलची सीडी घातली, तिच्यावरून यंत्र उठवलं, डिस्क हातानं जोडली, गाण्यांची यादी मागवली... आणि एक, दोन, तीन... त्रेचाळीस! सगळी जागच्या जागी! मग डिस्क धड आहे, तर गाभ्याला का दिसत नाही? बाईंनी गाभा बांधताना काय काय निवडलं होतं त्याची यादी काढली, बोट ठेवून एकेक ओळ वाचत सुटल्या. दीड वाजला, जेवणाचा डबा तसाच, आणि एका ओळीवर बोट थबकलं. डिस्क वाचायची विद्या, तिच्यापुढे हवा होता वाय, बाईंनी टाकला होता एम! वाय म्हणजे गाभ्याच्या अंगातच, एम म्हणजे वेगळी फाइल, लागेल तेव्हा डिस्कवरून आणायची. अहो, पण डिस्क उघडायची विद्याच डिस्कवर!

"चावी भितर ठेवन दार ओढून घेतलंस की काय गो?" हौसाबाई म्हणाल्या.

"अगदी तस्संच, आजी!"

एक अक्षर बदललं, गाभा पुन्हा बांधला, बाकीचे तुकडे तयारच होते म्हणून या वेळी तासाभरातच, यंत्र बंद, यंत्र चालू... हौसाबाईंनी देवाचं नाव घेतलं, बाईंनी डोळे मिटले. उघडले तर काय? पडद्यावर ओळी धावतायत भराभरा, आणि मघाशी मूळ सापडत नाही आलं होतं त्या जागी... डिस्क जोडली! बाई खुर्चीवरून उठून अशा ओरडल्या, की शेजारच्या वर्गातला भूगोल थांबला!

पावणेचारला सीडी लिहून तयार! चार वाजता जीप आली, पाहुणे बसले, गाणं सुरू झालं. दोघं माना डोलवतायत, एकाच्या डोळ्यांत पाणी, बाई अभिमानानं ताठ... आणि हौसाबाई? कपाळाला आठ्या!

"ह्या काय गो? तेवा माका पडसा झालेला! पूस ता सगळा, मी परत गातंय."

बाईंनी पुसलं नाही हो एकही. पण काय करतील? माइक पुढे सरकवला.