चारची बस

ऱ्हाईनकाठी, विद्यापीठाच्या थांब्यावर, बसच्या रांगेत उभ्या असलेल्या हाइकेच्या पुढे दोघं बोलत होती. मेंदूवर संशोधन करणारी विब्के आणि तिच्याच प्रयोगशाळेतून निवृत्त झालेले आल्बोर्न.

"आज चारलाच सुटलीस?"

"यूस्टुसनं काम केलं नाही, सर."

"माकड नाही म्हणालं नि तू ऐकलंस?"

"आता पिंजऱ्याचं दार उघडं ठेवतो. मनात असलं तर तो आपणहून प्रयोगाच्या खुर्चीत येऊन बसतो. आज आलाच नाही."

"मनुका दाखवल्यास?"

"दाखवल्या. नुसता बघत बसला."

"आम्ही गळ्यातल्या पट्ट्याला काठी अडकवून आणायचो त्याला."

"माहितीये. झाडूचा दांडा दिसला तरी अजून कोपऱ्यात जातो."

"आणि तुझा प्रबंध?"

"लांबला."

बस आली. आल्बोर्न पायरीशीच थांबले. मागे हाइके खोळंबली.

"अख्ख्या नोकरीत मला ही बस कधी मिळाली नाही," ते म्हणाले.