आनसाबाईच्या दारातली जोडी

“बाईंनी आज जरा आटपतं घ्याय पायजे बघ. आठला मालिका हाय. आज आपल्या रंकाळ्याच्या पायऱ्या दाखवणार हैत.”

मंडळी, हे मी म्हटलं नाही. मघाशी कीर्तनाला उभं राहण्याआधी मी बुक्का लावून घेत होते ना, तेव्हा पेटीच्या मागून ऐकू आलं. कोण म्हणालं ते सांगत नाही. निळं लुगडं आहे, एवढंच सांगते. — बघा, दोन निळ्या लुगड्यांनी माना खाली घातल्या, आणि तिसरीनं उगीचच पदर सारखा केला.

घाबरू नका. आठच्या आत सोडते. मलाही बघायची आहे. आपलं गाव टीव्हीत दिसणं ही काय लहान गोष्ट आहे? ज्या बोळातून रोज नाकाला पदर लावून जातो, तोच बोळ टीव्हीत आला की आपण म्हणतो — अगं बया, किती देखणा आहे हा! बोळ तोच. गटार तेच. मग बदललं काय? तर कुणीतरी त्याच्याकडे थांबून बघितलं. आपण काही थांबत नाही.

पण आधी एक विचारते. एखादी गोष्ट घरातल्या सगळ्यांना ठाऊक असते, शेजाऱ्यांना ठाऊक असते, दारातल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक असते, आणि तरी कुणी बोलत नाही. हे न बोलणं म्हणजे काय हो? माया, की भीती?

आमचे मृदंगवाले बापूराव म्हणतात, माया. बापूरावांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्यांना विचारण्यात अर्थ नाही.

तर ऐका.

आपल्याच गावात, नदीकडच्या अंगाला एक बोळ. बोळात चौगुल्यांचं घर. घरात दोनच बायका. सासू आनसाबाई, ब्याऐंशी वर्षांची, आणि सून मालन. मालनचा नवरा, आनसाबाईचा एकुलता एक लेक, रंगराव. नऊ वर्षांमागं पंचगंगेला पूर आला. खालच्या अंगाला माणसं कौलांवर अडकली. रंगराव पट्टीचा पोहणारा. नाव घेऊन निघाला. पायात आठ दिवसांची नवी कोल्हापुरी जोडी होती. भिजून वाया जाईल म्हणून उंबऱ्यापाशी काढली आणि अनवाणी गेला.

दोन खेपांत अकरा माणसं आणली. तिसऱ्या खेपेला नाव उलटली. नाव सापडली. वल्हं सापडलं. रंगराव नाही सापडला.

आता देहच नाही, तर दहावं कुणाचं घालायचं? आनसाबाई म्हणाली, “रंगू येतोय.” आणि दारात बसली. सारा बोळ म्हणाला, “येतोय की, म्हातारे.” त्या दिवसापासून दर शनिवारी ती म्हातारी चपलांना तेल लावते. दाराला कडी नाही, दिवसा नाही आणि रात्रीही नाही. मालन कुंकू लावते, नऊ वेळा वडाला दोरा गुंडाळून आली.

मीही त्या घरी गेले होते, मंडळी. कपाळाला बुक्का, गळ्यात वीणा, आणि तोंडानं काय म्हटलं? “येतील हो, आनसाबाई.” देवाच्या नावानं बोलणारं हे तोंड! तेही घाबरलं.

दारी काढली जोडी गं, तेल लाविते माउली
ठाऊक सगळ्यांना, बोलंना कुणाची सावली

ओवी माझीच आहे. मोडकी आहे, गोड मानून घ्या.

पुढं काय झालं? म्हातारीच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टर म्हणाले, “आजी, अजून थांबलात तर नजर माघारी येईल असं मी सांगू शकत नाही.” म्हातारी म्हणाली, “दवाखान्यात डोळं बांधून पडू व्हय? आन् तवाच रंगू आला, दारात कोण न्हाई दिसलं, तर पोरगं माघारी जाईल की.”

आता याला मालननं काय उत्तर द्यावं? उत्तर एकच होतं. तीन शब्दांचं. ते तिनं दिलं नाही. ऐकलं तर म्हातारीचा जीव जाईल, असं तिला वाटायचं. म्हणून मालन गप्प. आणि म्हातारी दारात बसून थोडी थोडी आंधळी होत चालली. आधी समोरची भिंत गेली. मग माणसांची तोंडं गेली. मग उंबऱ्यापाशी ठेवलेली ती जोडीही दिसेना. हातानं चाचपून तेल लावायची.

अशात बोळात आली मालिका! तीच, आठची. मोठ्या गाड्या, दिवे, छत्र्या, वायरी. आपलीच माणसं आपल्याच दारात पावडर लावून उभी. त्या मालिकेतले आबासाहेब मरणार होते. पाच महिने मरत होते बिचारे, तुम्हाला ठाऊकच आहे. त्यासाठी एक दार हवं होतं, जिथं तिरडी ठेवता येईल.

कोण देणार? वसंत टेलर म्हणाला, “बारसं करा, लगीन लावा, माझं अंगण तुमचंच हाय. पर तिरडी? बायको मलाच त्यावर बांधंल.” मालिकावाले सगळा बोळ फिरले. सगळ्यांनी हात जोडले.

मालन म्हणाली, “आमच्या दारात मांडा.”

का म्हणाली? तिला विचारलं तर अजून सांगता येत नाही. सासूला मात्र तिनं आधी विचारलं होतं. म्हातारी म्हणाली, “कुणाची तिरडी?”

“मालिकेतल्या आबांची, आत्ती.”

“मग मांडू दे. खोटी हाय नव्हं?”

शूटिंगच्या दिवशी म्हातारी नेहमीसारखी दारातच. दिग्दर्शक म्हणाले, आजींना बसू द्या, छान दिसतंय. कळक बांधले, गवत अंथरलं, आबासाहेब विडी विझवून वर आडवे झाले. आणि सामान मांडणारे एक पेडणेकर म्हणून होते, मुंबईचे, वयस्कर, कामाला वाघ. त्यांना उशाशी मेलेल्या माणसाच्या चपला ठेवायच्या होत्या. इकडं तिकडं बघितलं, तर उंबऱ्यापाशी एक जोडी. तेल लावलेली, तुकतुकीत. उचलली आणि विचारलं, “या कोणाच्या?”

मंडळी, बोळात चाळीस माणसं होती. चाळीस. एकानं तोंड उघडलं नाही. वसंत टेलर आभाळाकडे बघायला लागला.

मालन पुढं झाली. म्हणाली, “घ्या.”

चपला तिरडीच्या उशाशी गेल्या. कॅमेरा जवळ आणला, त्यांचं मोठं चित्र घेतलं. मग दिग्दर्शकांनी बायकांना सांगितलं, रडा. आणि रडल्या हो! ते ‘कट’ म्हणाले, तरी रडतायत. आबासाहेब उठून चहा प्यायला गेले, तरी रडतायत. रिकाम्या तिरडीपुढं सगळा बोळ हमसून हमसून रडतोय, आणि सगळ्यांत जोरात वसंत टेलर, ज्यानं अंगण दिलं नव्हतं. नऊ वर्षांचं रडणं होतं ते. आबांचं नाव मिळालं, म्हणून बाहेर आलं.

दारातून म्हातारी म्हणाली, “एवढं का रडताय गं? खोटं हाय नव्हं?”

बायका पदरानं डोळे पुसत आपापल्या दारांकडं वळल्या.

संध्याकाळी मालननं चपला होत्या तिथं ठेवल्या. शनिवारी म्हातारीनं तेल लावलं. सगळं मागच्यासारखं.

दीड महिन्यानं तो भाग लागला. चौगुल्यांच्या घरात पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारीला टीव्हीसमोर हातभर अंतरावर बसवलं होतं, तिला तेवढंच दिसायचं. आठ वाजले. आणि टीव्हीत आपला बोळ आला. आपल्या पाण्याच्या टाक्या, वसंतच्या दुकानाची पाटी, सांजेचं ऊन पडलेली ती भिंत. पोरं ओरडायची थांबली. आपण इतकी वर्षं एवढ्या सुंदर जागेत राहतोय, हे कुणी सांगितलंच नव्हतं. वसंत टेलरनं हात जोडले. का जोडले, त्याला ठाऊक नाही.

आणि मग पडदाभर त्या चपला आल्या.

केवढ्या? परातीएवढी एकेक. शिवणीचा टाका न टाका दिसतोय. दारातली जोडी जिला वर्षभर दिसली नव्हती, तिला ती टीव्हीत दिसली. म्हातारी गुडघ्यावर सरकत पुढं गेली. नाक काचेला टेकलं. तिनं चपलेच्या टाचेवर बोट ठेवलं. काचेवरच. तिचं बोट नऊ वर्षं त्याच टाचेवरून फिरत होतं, आणि दर शनिवारी तिला काहीतरी सांगत होतं. तिनं ऐकलं नव्हतं. आता डोळ्यांनी बघितलं.

“नवी हाय गं,” ती म्हणाली. “टाच झिजली न्हाई. नऊ वर्सं कुणाच्या पायातच न्हाई ही.”

घरात पन्नास माणसं. कुणीतरी टीव्हीचा आवाज बारीक केला.

मंडळी, इथं मी थांबते, आणि तुमच्याकडे वळते. कुणाच्या घरात अशी जोडी नाही? कुणाचा लेक फोन उचलत नाही, आणि आपण म्हणतो, कामात असेल. कुणाच्या म्हाताऱ्याला दुखणं काय आहे ते सगळ्या घराला ठाऊक, म्हाताऱ्यालाही ठाऊक, आणि घरभर एकच बोलणं — पेज घेता का? आपण एकमेकांना जपतो म्हणतो. जपतो का हो? की अंधारात बसवून ठेवतो, आणि वरून तेल घालतो? देव समोर येऊन उभा राहिला, तर तो चार हातांनी येईल असं वाटतं तुम्हाला. तो टाचेएवढा होऊन येतो. बघायचं की नाही, ते आपल्यावर.

मालन पुढं गेली. सासूच्या पाठीवर हात ठेवला. तोंडातून एकच शब्द, “आत्ती...” पुढचं निघेना. नऊ वर्षांची सवय.

म्हातारीनं काचेवरचं बोट काढलं. वळली. सुनेचं तोंड तिला दिसत नव्हतं, म्हणून हातानं चाचपलं. गाल, नाक, कपाळ. कपाळावरच्या कुंकवापाशी हात थांबला. तिथंच ठेवून ती बोलली. हळू, पण दारापाशी उभ्या माणसालाही ऐकू गेलं.

“मालन, रंगू गेला आपला. पुरातच गेला. तुझं कुकू तसंच ऱ्हाऊ दे. पर त्या दाराला आता कडी घाल, आन् सकाळी मला डोळ्याच्या डाक्तरकडं न्हे.”