बर्फवाल्या जावयाचा ज्वालामुखी

बर्फ! अहो, बर्फ! तुम्हीच सांगा, बर्फ हा काय पदार्थ झाला? त्याला ना चव, ना वास, ना मीठ कमी पडलं म्हणायची सोय, ना करपला म्हणायची... आणि तुम्हाला सांगतो, लग्न झाल्यापासून वर्षानुवर्षं बायकोच्या माहेरी जेवणाचं ठरलं की सासूबाई निघताना फाटकात उभ्या राहून एकेकाला पुढच्या वेळचं काम वाटतात, 'रोसेंदो, मांस तुझ्याकडे. अंपारो, तू जेली. रेमे, तू भात, पण मागच्यासारखा गिच्च करू नकोस,' आणि मग माझ्याकडे बघतात, म्हणजे आधी बघतात, मग हा कोण ते आठवतात, आणि म्हणतात, 'अन्सेल्मो... तू ना... तू बर्फ आण हं, बाळा.'

बाळा! चाळिशी उलटलेला माणूस मी! पुएब्ला शहरात गाद्यांच्या दुकानात कामाला आहे, भांडत भांडत आलेल्या नवरा-बायकोला एकाच गादीवर बसवून हसत हसत घरी पाठवतो, शेठ म्हणतो अन्सेल्मोसारखा विक्रेता नाही... आणि सासरी? सासरी बर्फ! दोन्ही खांद्यांवर पिशव्या, पाठीवरून पाणी गळतंय, शर्ट चिकटलाय, विजार अशा ठिकाणी ओली झालीय की रस्त्यातली माणसं बघून नजर वळवतात, आणि दारात कोण? तर रोसेंदो! माझा मेव्हणा. निखाऱ्यांपुढे चिमटा घेऊन असा उभा की जणू गाय त्यानंच जन्माला घातली. 'या, या, आचारी आले! काय रे, बर्फ ताजा आहे ना? शिळा नाही ना? हातानंच केलास की काय?' आणि हसतो. दर वेळी तोच विनोद, आणि दर वेळी सगळे हसतात, माझी स्वतःची बायकोसुद्धा!

बायकोला म्हटलं, रेमे, मला वाईट वाटतं गं. तर म्हणते, 'अरे, वाईट काय त्यात? आम्ही आदल्या दिवसापासून राबतो, तुला सोपं काम मिळालंय तर कुरकुर कसली? बर्फाचं काय, बर्फ कुणीही आणतं!'

तेच तर! कुणीही आणतं! म्हणजे मी कोण? कुणीही!

तुम्ही हसताय, पण जरा विचार करा. जेवताना भात तोंडात घातला की विचारतात, 'हा कुणी केला?' जेलीचे तीन रंग बघून विचारतात, 'ही कुणाची?' पण आजवर एखाद्या मावशीनं पेल्यातला बर्फाचा खडा चमच्यावर उचलून, डोळे मिटून, 'अहाहा, हा कुणाच्या हातचा?' असं विचारलंय? नाही विचारलं! आणि सासूबाईंच्या घरी असंच आहे बघा, ज्याच्या हातचं काही नाही त्याला नावच नाही. मला एवढंच हवं होतं हो... की एकदा, फक्त एकदा, कुणीतरी ताटाकडे बोट दाखवून म्हणावं, हे अन्सेल्मोचं.

म्हणून या वर्षी मातृदिनाच्या आधीच्या जेवणाला, फाटकात, कामवाटप चालू असताना माझ्या तोंडून निघून गेलं. 'सासूबाई, गोड मी करतो. चॉकलेटचं. गरम.' रोसेंदोनं दात कोरायचं थांबवलं. मेव्हणी अंपारो छातीवर हात ठेवून म्हणाली, 'मग माझी जेली?' सासूबाईंनी मला खालून वर पाहिलं, आणि म्हणाल्या, 'कर बाबा, हौस आहे तर... आणि येताना बर्फ आण.'

आता मला काय करायचं होतं? तर ज्वालामुखी! बाहेरून केक, आणि चमचा खुपसला की आतून गरम चॉकलेट भळभळ बाहेर! आमच्या घराच्या गच्चीवरून पोपोकातेपेत्ल दिसतो, खरा ज्वालामुखी, सकाळ-संध्याकाळ धूर सोडत बसलेला. म्हटलं, त्याला जमतं, मला का नाही जमणार? पण त्याच्याकडे ओव्हन आहे ना! आमच्याकडे? अहो, आमच्या देशात कुठल्याही घरातला ओव्हन उघडा, आत काय असतं? तवे! पातेली! झाकणं, ज्यांची भांडी कधीच फुटून गेलीत! ओव्हन म्हणजे खाली गॅसची सोय असलेलं कपाट! मी आमचा रिकामा करायला घेतला तर रेमे किंचाळली, 'आणि माझे तवे कुठे ठेवू? तुझ्या डोक्यावर?' ठेवले. पलंगावर ठेवले. झोपताना दोघांच्या मध्ये बिडाचा तवा, तरी मी हूं की चूं केलं नाही.

मग शिकलो. कसा शिकलो ते माझं मला माहीत. गुडघ्यावर बसायचं, काडी पेटवायची, हात आत घालायचा, तोंड लांब ठेवायचं, आणि भप्प! भुवया वाचल्या तर नशीब. पहिला केक आतून, बाहेरून, सगळीकडून पातळ. दुसरा असा की दार उघडं राहावं म्हणून आम्ही अजून तोच लावतो. चॉकलेट मी आपलं नेहमीचं घेतलं, दालचिनी घातलेल्या जाड वड्या, ज्या आम्ही दुधात घालून रवीनं घुसळतो. शेजारीण म्हणाली, 'हे पिण्याचं आहे, हो! केकला परदेशी लागतं!' म्हटलं, बाई, माझी सासू परदेशी आहे का? अंडी-साखरसुद्धा रवीनंच घुसळली, तळव्यांत दांडा धरून घर्रर्र, घर्रर्र, हाताला फोड आले. पण एका संध्याकाळी काय झालं, दार उघडलं, केक फुगलेला, बाजूंनी धरलेला, मधलं पोट तेवढं हळूच हलतंय, चमचा घातला... आणि आलं! आलं हो बाहेर! गरम, काळं, दालचिनीचा वास घरभर, आणि रेमे माझ्या हातातला चमचा काढून घेऊन ओट्याशी उभ्या उभ्या खात सुटली, एक शब्द नाही, आणि शेवटी म्हणाली, 'अन्सेल्मो, हे तू केलंस?'

मला काय वाटलं असेल सांगा! मी म्हटलं, झालं, आता बर्फ मेला!

मातृदिन उजाडला. सगळं घर भरलेलं, मुलं अंगणात, गाणारे येऊन सासूबाईंना गाणं ऐकवून गेलेले, त्या रडून झालेल्या, आणि मी स्वयंपाकघरात. आधी त्यांचा ओव्हन रिकामा केला. बाप रे! तव्यामागून तवे, तव्यामागून तवे, मलईचे रिकामे डबे, एक इस्त्री! सासूबाई बघतायत आणि म्हणतायत, 'नीट रे, तो माझ्या आईचा... अरे, तो वर नको ठेवूस... माझं घर का उपसतोयस?' सगळं बाहेर. मग मातीचं हे एवढं मोठं भांडं, मोले म्हणजे आमचा तो मिरच्या-मसाल्यांचा दाट रस्सा करायचं, त्यात सगळं मिश्रण ओतलं, घरच्या सगळ्यांना पुरेल असा एकच ज्वालामुखी! आत सारला, दार लावलं, आणि समोर स्टूल टाकून बसलो. मनाशी ठरवलं, हलायचं नाही. घर पेटलं तरी हलायचं नाही.

आणि अंगणातून आवाज आला. 'अन्सेल्मोऽऽ! बर्फ संपला रे!'

मी म्हटलं, रोसेंदो, मी केकपाशी आहे, दुसऱ्या कुणाला पाठव! तर हा म्हणतो... तुम्हाला माहीतच आहे काय म्हणाला असेल! 'अरे, तूच जा ना पटकन, बर्फाचं काय, बर्फ कुणीही आणतं!' कुणीही आणतं तर तू आण की, टोणग्या! पण नाही म्हणता येत नाही ना मला, गाद्या विकून विकून पाठीचा कणाही कापसाचा झालाय. अंपारोला सांगितलं, ताई, पाया पडतो, ओव्हनला कुणाला हात लावू देऊ नका. 'जा, जा, मी आहे ना,' म्हणाली. आणि ती होती हो, पण तिची जेली साच्यातून सुटेना, ती साचा उलटा धरून त्याला लाडीगोडी लावत बसली, तिचं लक्ष कुठे?

मी कोपऱ्यावरच्या दुकानात धावलो, पिशवी खांद्यावर टाकली, धावत आलो... आणि स्वयंपाकघराच्या दारात थिजलो. कारण मला काय दिसलं? ओटा रिकामा. म्हणजे? म्हणजे सासूबाईंनी भांडी घासली होती! त्या बाईला भरलेली मोरी बघवत नाही. मी काढून ठेवलेला बिडाचा तवा घासला, पुसला, आणि उभा जन्म तवा पुसून झाल्यावर हात जिथे जातो तिथेच गेला! बहिणीशी बोलता बोलता, मान मागे, ओव्हनचं दार उघडलं, तवा आत सारला, टाचेनं दार बंद! नंतर विचारलं की गरम वाफ लागली नाही का, तर म्हणाल्या, 'लागली ना, मला वाटलं मे महिना आहे!'

मी दार उघडलं. तवा माझ्या ज्वालामुखीच्या डोक्यावर, सपाट! केक खाली दबलेला, आणि पोटातलं सगळं चॉकलेट तव्याच्या कडांनी उसळून भांड्याबाहेर, जाळीवर, खाली, चर्र चर्र... स्फोट झाला होता हो, फक्त मी बर्फ आणायला गेलो तेव्हा!

सगळे जमा झाले. फडक्यानं धरून तवा मी बाहेर काढला आणि अख्ख्या घरानं तो ओळखला. ओव्हनमध्ये तवे कोण ठेवतं हे काय विचारायचं असतं? पण बोलतं कोण? रोसेंदोसुद्धा हातातला चिमटा न्याहाळायला लागला. माझ्या घशाशी आलं होतं, खरं सांगतो, इतक्या वर्षांचा बर्फ घशाशी आला होता! आणि तेवढ्यात सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं. कशाचीही चूक कधी कबूल न केलेली बाई ती, मोले लागलं तर म्हणायची चूल चुकली... तिनं पदर... नाही, तो कसला पदर, ॲप्रनचं टोक हातात चुरगाळलं आणि लहान मुलीसारखं म्हणाली, 'अन्सेल्मो... हे मी केलं का रे?'

आता सांगा! दिवस कुणाचा? तिचा. आणि चेहरा असा पडलेला. मला कणव आली हो, दुसरं काय! आणि तोंडातून निघून गेलं, 'छे छे, सासूबाई! तसंच करायचं असतं! वरून वजन ठेवल्याशिवाय ज्वालामुखी फुटतो होय? मी म्हणतच होतो, तवा ठेवायचा राहिला... तुम्ही अगदी वेळेवर ठेवलात.'

त्यांनी ॲप्रनचं टोक सोडलं. मग ताठ झाल्या. 'मला वाटलंच,' म्हणाल्या.

मग काय, ताटल्या कुठल्या आणि काप कुठले, केक कापायला उरलाच होता कुठे! भांडं मधोमध ठेवलं, टोपलीतला पाव घेतला, आणि जो तो बुडवून खायला लागला, हात एकमेकांत अडकतायत, तव्याला चिकटलेली कुरकुरीत खरवड मुलं सुरीनं काढतायत, अंपारो जेली सोडून आली, रोसेंदोच्या मिशीला चॉकलेट, मांस तिकडे जळून गेलं तरी पत्ता नाही! आणि सासूबाईंनी काय केलं, हळूच एक वाटी भरली, झाकण लावलं आणि फ्रीजमध्ये भाजीच्या मागे लपवली. मी पाहिलं! ज्यांना त्यांचा स्वभाव माहीत आहे त्यांना विचारा, सासूबाई फक्त आवडलेलं लपवतात.

आणि निघताना, फाटकात. 'रोसेंदो, मांस. अंपारो, जेली. रेमे, भात...' माझ्याकडे बघितलं, आणि या वेळी आठवावं लागलं नाही. 'अन्सेल्मो, चॉकलेट.' एवढंच! पण मला रस्ताभर रडू येत होतं, रेमेला सांगितलं डोळ्यांत धूर गेलाय. बर्फाचं? बर्फाचं त्या कुणाला बोलल्याच नाहीत, कुणीही आणेल!

तेव्हापासून प्रत्येक जेवणाला मीच करतो. सकाळपासून उभा असतो, अंडी मी फोडतो, रवी मी फिरवतो, भुवया मी पणाला लावतो. आणि केक फुगला की सगळ्यांना स्वयंपाकघरात बोलावलं जातं. सासूबाई येतात, अंगठी काढून ठेवतात, तवा दोन्ही हातांनी उचलतात, मला म्हणतात, 'बाजूला हो, बाळा, हे सगळ्यांना नाही जमत,' आणि ठेवतात. मग नवी येणारी सून, शेजारची बाई, कुणीतरी पहिला घास घेऊन विचारतंच, 'अहाहा, हे कुणाच्या हातचं?' सगळे सासूबाईंकडे बोट दाखवतात, टाळ्या वाजवतात... आणि तुम्हाला सांगतो, सगळ्यात जोरात मी वाजवतो. काय करणार, तवा खरंच फार वेळेवर ठेवते हो ती!