मोजून लावलेला भात

कशेळीच्या थांब्यावर माझ्या शेजारी एक सासू-सून बसची वाट बघत होत्या.

"आये, माझ्या हातून भाताचं शीत वाया जात न्हाय. मोजूनच लावते."

"तेच झालंय, विनिता. सकाली तुझा सासरा नुसता चा पिऊन बसतो."

"भाकरी असते की समोर!"

"चावायला दात कुठं हायेत? मी रांधायचे तवा भात उरायचाच. रातचा भात कुस्करून पिठात घातला, की भाकरी कशी लोण्यावानी होते. तीच खायचा."

"मग मला बोलले का न्हाय?"

"सुनेकडं शिलं कसं मागायचं, म्हनतो."

बस आली. पायरी चढता चढता सून मागे वळली.

"आज दोन मुठी जास्त लावते. त्यांना सांगू नका हां, चुकून उरला म्हना."