आजीची खुंटी

आजी : एका तोंडाला चोवीस खुंट्या? प्रत्येक दाताचा आवाज वेगळा टिपायचाय का तुम्हाला?

आजोबा : तू माझे दात मोजायला आलीस की रेकॉर्डिंगचा मिक्सर घ्यायला?

आजी : मोजायला राहिलेत कुठे. अहो दुकानदार, ह्यांना काही मोठं दाखवू नका. मोठं दिसलं की ते ह्यांना लागतंच. आमच्या घरातलं भिंतीवरचं घड्याळ स्टेशनावर शोभेल एवढं आहे. काटा सरकला की माझ्या कपाटाचं दार अडतं.

दुकानदार : आजी म्हणतात ते खरं आहे, आजोबा. हा चोवीस चॅनलचा मिक्सर मोठ्या वाद्यवृंदाला लागतो. नवशिक्याच्या घरी तो नुसता धूळ खाईल. आधी मला सांगा, रेकॉर्ड काय करणार? गाणं? पेटी?

आजोबा : गोष्टी. माझी नात लांब राहते. तिला झोपताना आजोबांच्या गोष्टी हव्या असतात. फोनवर सांगायला जातो, तर गोष्ट काही पुरी होत नाही.

दुकानदार : फोन मध्येच बंद पडतो?

आजोबा : फोन शाबूत असतो. ही मध्ये बोलते.

आजी : मी मध्ये बोलत नाही. मी दुरुस्त करते.

आजोबा : दुरुस्ती हा माझा धंदा होता. जन्मभर घड्याळं दुरुस्त केली. एकही घड्याळ मध्ये बोललं नाही.

आजी : मग टोल काय शेजारी देत होते?

दुकानदार : बरं, बरं. घरात स्टुडिओ कुठे करताय?

आजी : माझ्या शिवणाच्या खोलीत. मशीन गेलं बाहेर पॅसेजमध्ये आणि घरातल्या सगळ्या रजया गेल्या भिंतीवर. आवाज घुमता कामा नये म्हणे. आम्ही रात्री कुडकुडतो, पण भिंती कशा उबदार आहेत बघा येऊन.

आजोबा : खोलीला आतून कडीही लावून घेतलीय. हे बघा दुकानदार, मला आयुष्यात एकदा, फक्त एकदा, एक गोष्ट सुरुवातीपासून शेवटापर्यंत सांगायची आहे. नातीनं ती सलग ऐकायला हवी. ह्यापलीकडे मिक्सरकडून माझी काही अपेक्षा नाही.

दुकानदार : मग हा घ्या. एकाच माइकचा. लहान, सोपा, बिघडायला आत काही नाहीच.

आजी : एकाच माइकचा? आणि मी कुठे बोलू?

आजोबा : पॅसेजमध्ये. मशीनशी.

आजी : म्हणजे मनोऱ्याच्या घड्याळाची गोष्ट पोरीला अर्धीमुर्धी ऐकवणार. ऐका हो दुकानदार. हे चौकातल्या मनोऱ्यावर चढले घड्याळ दुरुस्त करायला, आणि खालून शिडी गेली. सगळ्या जगाला हे सांगतात, कोणीतरी शिडी नेली. कोणीतरी म्हणे. कोणी नेली ते मात्र सांगायचं नाही.

आजोबा : ती तपशिलाची बाब आहे.

आजी : मी तपशिलाची बाब आहे?

दुकानदार : थांबा, थांबा. हा दोन माइकचा बघा. म्हणजे कसं, प्रत्येकाची खुंटी वेगळी. ही आजोबांची, ही आजींची. वर सरकवली की आवाज येतो. पार खाली नेली की गप्प.

आजोबा : म्हणजे ही बोलत राहील आणि मला ऐकू येणार नाही?

दुकानदार : अजिबात नाही.

आजोबा : हे यंत्र निघून किती वर्षं झाली?

दुकानदार : झाली की बरीच.

आजोबा : आणि मला कोणी सांगितलं नाही.

आजी : करा हो, करा माझी खुंटी खाली. मलाही बघू दे माझ्यावाचून ह्यांची गाडी कुठवर जाते.

दुकानदार : आजी, तुम्ही त्या काचेच्या खोलीत बसा, तिथे दुसरा माइक आहे. आजोबा, तुम्ही इथे. हेडफोन कानावर घ्या. हं, आजींची खुंटी गेली तळाला. बोला.

(आजोबा घसा साफ करतात. काचेपलीकडे आजीचे ओठ त्यांच्याही आधी हलू लागतात.)

आजोबा : तर, चौकातलं मनोऱ्याचं घड्याळ बंद पडलं होतं. मी शिडीवरून वर गेलो. कोणीतरी शिडी नेली. मी ओरडलो. घड्याळ दुरुस्त केलं. संध्याकाळी शिडी आली. मी उतरलो.

दुकानदार : पुढे?

आजोबा : पुढे काही नाही. संपली.

दुकानदार : संपली?

आजोबा : हो. विचित्रच आहे. एरवी ही गोष्ट जेवणापासून झोपेपर्यंत पुरते. एवढ्यात तर नात पांघरूणही ओढून घेणार नाही. तुमचं यंत्र गोष्ट खातं का हो?

दुकानदार : यंत्र काही खात नाही, आजोबा. आजी, या बाहेर. झालं त्यांचं.

आजी : इतक्यात? मी अजून उन्हापाशी होते.

दुकानदार : मग तुमचंही ऐकू या की.

आजी : माझं काय ऐकायचं? माझी खुंटी खाली होती ना?

दुकानदार : खाली म्हणजे आजोबांच्या कानात गेलं नाही एवढंच. कॉम्प्युटरवर दोघांचं वेगवेगळं उतरलंय.

आजी : सगळं?

दुकानदार : तुम्ही शिंकला असाल तर तेसुद्धा.

आजी : चांगला आहे मिक्सर. बांधून द्या. चला हो, उशीर झाला.

आजोबा : कसला उशीर? लावा हो ते.

आजीचा आवाज : कोणीतरी नाही, मी नेली शिडी. समोरच्या शिवणाच्या दुकानातली मुलगी, एवढं म्हणायला ह्यांची जीभ झिजते. दुकानाची पाटी वाकडी झाली होती, ती सरळ करायला नेली. आणि आता ह्यांना ऐकू जातच नाहीये, तर सांगूनच टाकते. पाटीचं काम चहा गार व्हायच्या आत झालं होतं. शिडी मी दुकानामागे लपवून ठेवली, चांगली दिवस मावळेपर्यंत. दर आठवड्याला हा माणूस घड्याळाला चावी द्यायला आमच्या दारावरून जायचा, पण मान म्हणून वळवायचा नाही. म्हटलं, राहू दे वरच. तिथून तरी खाली बघेल. ऊन होतं जरा...

दुकानदार : बंद करतो.

आजी : एवढं काही मनाला लावून घेऊ नका. ऊन फार नव्हतं त्या दिवशी.

आजोबा : होतं.

आजी : असेल.

आजोबा : टाळू भाजून निघाली होती.

आजी : घरी गेल्यावर तेल लावून देते.

आजोबा : आता काय उपयोग. आणि शिडी तू फडक्यानं झाकली होतीस. शिडी कोणी फडक्यानं झाकतं का? दोन्ही टोकं बाहेर होती.

आजी : तुम्हाला काय माहीत?

आजोबा : मनोरा कशाला म्हणतात? वरून सगळं दिसतं. दुकानामागची भिंत दिसत होती, शिडी दिसत होती, आणि मिनटा-मिनटाला मागच्या दारातून डोकावणारी तू दिसत होतीस.

आजी : अहो, मग ओरडायचं का थांबलात? मी कान लावून बसले होते. तुम्ही घड्याळ चालू केलंत, टोल पडले, आणि एकदम गप्प. म्हटलं, पडला की काय हा माणूस. म्हणून तर दर मिनटाला डोकावत होते.

आजोबा : ओरडत राहिलो असतो तर कोणीतरी दुसरी शिडी आणून लावली असती.

दुकानदार : आजोबा, तुमचा माइक अजून चालूच आहे. बंद करू का? आणि मग मिक्सर कोणता...

आजी : तुम्ही मध्ये बोलू नका हो. त्यांना गोष्ट पुरी करू द्या.