मंदाताईंच्या निळ्या घंटा

…आणि वर म्हणतात कशा, "दिनकरराव, बघायला या ना!" बघायला या! अहो, आमच्या न् मंदाताईंच्या अंगणात कमरेएवढी भिंत, यायचंय कुठे? रोज दात घासताना समोर दिसतात त्या निळ्या घंटा… मी जळत नाही, बरं का!

तुम्हाला सांगतो, आमच्या मंडळाची पुष्पस्पर्धा दर मार्चात, आणि सहा वर्षं पहिलं बक्षीस मंदाताईंना! मला? उत्तेजनार्थ! अहो, रिटायर्ड माणसाला किती उत्तेजन द्याल? म्हटलं, अख्ख्या ग्वाल्हेरात नाही असं काहीतरी लावायचं. गेलो मुरारला, नर्सरीत. नर्सरीवाला म्हणाला, "बेलफ्लॉवर ले जाओ साब, पहाड़ का पौधा है, नीली-नीली घंटियाँ आएँगी। बारहमासी है, मरेगा नहीं!" बारमाही! मला वाटलं, बारा महिने फुलणार. हिवाळाभर नुसता पाला, मार्चातही एक घंटा नाही, पुन्हा उत्तेजनार्थ! आमच्या सौ. राजलक्ष्मीबाई रोज चहाबरोबर विचारायच्या, "अहो, घंटा कधी वाजणार?"

मग आला मे. आपला मे, सत्तेचाळीस डिग्री! झाड पार जळालं, कुंडीत उरली माती. असा चिडलो, उपटलं मुळासकट न् दिलं भिरकावून भिंतीपलीकडे. आणि पडावं कुठे? मंदाताईंच्या कूलरखाली! वर कडुनिंबाची सावली, खाली दिवसभर ठिबकतंय गार पाणी… अशी बडदास्त माझी सासरी झाली नाही हो! पण मी जळत नाही.

काल स्पर्धा. पहिलं बक्षीस… बेलफ्लॉवर! मंदाताई माईकवर, पदर सावरत, "मी लावलंच नाही हो, देवानं दिलं! वरून वाळतं, पण मुळातून परत फुटतं, म्हणून बारमाही!" हे मला आत्ता कळतंय? आणि देवानं? मी दिलं! माझ्या या हातांनी! ओठांवर आलं होतं, उठलोही होतो… पण सांगणार काय? की ताई, मी तुमच्या अंगणात कचरा टाकतो? बसलो खाली. टाळ्या वाजवल्या. माझ्याच झाडासाठी! मी जळत नाही, पण हात लाल झाले.

आणि मला? उत्तेजनार्थ. आठवं.

आज सकाळी मंदाताई दारात, हातात छोटी कुंडी. "तुम्हाला हौस आहे ना, म्हणून मुळाचा एक तुकडा आणलाय. पण उन्हात ठेवू नका हं दिनकरराव, जळेल!"

घेतली. काय करणार? मनात म्हटलं, त्याची काळजी सोडा ताई… जळायला मी आहे ना.